आप्पाजींना काय काय करता येतं

शरच्चंद्र बेनाडीकर या माणसाला मी खुर्चीला टेकून बसलेलं कधी पाहिलं नाही. काठावर बसणार आणि उजवा पाय हलवत राहणार. तो पाय इतका हलतो की शेजारच्या टेबलावरचा, म्हणजे माझा, चहा थरथरतो. मी अनेकदा सांगून पाहिलं. "सॉरी हं मॅडम," म्हणतात, पाय थांबतो, आणि मी एक घोट घेईपर्यंत पुन्हा सुरू. शेवटी मीच कप दुसऱ्या बाजूला ठेवायला लागले.

आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. डेअरीत दुधाचा कॅन आला की वजन करायचं, फॅट बघायची, भाव लावायचा, पावती छापायची, हे सगळं करणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यातला मूळ प्रोग्रॅम बेनाडीकरांनी एकट्याने सी भाषेत लिहिलाय. तेव्हा मी पुण्यात कॉलेजला होते आणि गणितात लटकेन की काय या काळजीत होते. तो प्रोग्रॅम अजून चालतो, आणि ते हे दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

त्यांचा प्रोग्रॅम वाचणं म्हणजे पाककृती वाचणं. आधी हे करा, मग ते करा, मग हे झालं का बघा. शेतकरी, दूध, भाव ही सगळी माहिती ओट्यावर मांडून ठेवलेली. एकेक फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा तुकडा, येतं, हवं ते उचलतं, त्यात बदल करतं, परत ठेवतं आणि निघून जातं. माहिती बिचारी गप्प पडून असते. जे काही करायचं ते इतरांनी तिच्यावर करायचं. वरपासून खालपर्यंत एका दमात वाचता येतं, हे मात्र मी मान्य करते.

माझं शिक्षण दुसऱ्या पंथातलं. आमच्याकडे प्रत्येक वस्तू आपली माहिती आपल्या पोटात ठेवते आणि तिला काय काय करता येतं हेही तिच्याकडेच असतं. तिला ऑब्जेक्ट म्हणायचं. बाहेरच्याने तिच्या पोटात हात घालायचा नाही. काम हवं असेल तर तिला सांगायचं आणि तिचं उत्तर ऐकायचं.

"म्हणजे तुमच्याकडं जो तो जहागीरदार," बेनाडीकर म्हणायचे. "काम कोण करतंय?" एकदा माझं डिझाइन पाहिलं तेव्हा तर सरळ म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला राग आला, कारण त्या दिवशी ते खरं होतं.

"आणि तुमच्या ओट्यावरच्या भाजीत दोघांनी मीठ टाकलं तर?" मी विचारलं.

"कोण टाकतंय? मी आहे की तिथं."

मी आहे की. हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. यंत्र बिघडलं, मी आहे की. सोसायटीचं पाणी गेलं, मी आहे की. माणूस मोठा कामाचा, पण सगळ्या गोष्टींनी आपल्या हाताखालूनच जायला पाहिजे असा हट्ट. आमच्या घरी याच्या अगदी उलट. निहार, माझा नवरा, आणि मी, दोघंही स्वतंत्र बाण्याचे. परिणामी एका दिवशी घरात दूध दोनदा येतं आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही. तेव्हा मी फार शहाणपणा सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते.

बेनाडीकर मूळचे निपाणीचे. वडिलांचं, आप्पाजींचं, तिथे सायकलचं दुकान होतं. भाड्याने सायकली द्यायच्या आणि दुरुस्त्या करायच्या. आई गेल्यावर दुकान विकलं, घराला कुलूप लावलं, आणि आप्पाजींची पाळी सुरू झाली. चार महिने थोरल्याकडे बंगळुरात, चार महिने धाकट्याकडे, प्रणीतकडे, पुण्यात. घरोघरी मातीच्या चुली, त्यात नवीन काही नाही. दोघं भाऊ एकमेकांना फोन करायचे, तारीख ठरवायचे, तिकीट काढायचे आणि मग आप्पाजींना सांगायचे की बॅग भरा. आप्पाजी भरायचे.

या वेळी दसऱ्यानंतर प्रणीतची पाळी होती. तिकीट निघालं होतं आणि दसरा जसजसा जवळ येत होता तसा बेनाडीकरांचा पाय जास्तच हलायला लागला होता. मागच्या खेपेला आप्पाजी पुण्याहून आले ते पार वाळून. बोलणंही कमी झालेलं.

"या वेळी पाठवू नये असं वाटालंय," ते एकदा मला म्हणाले. "पण प्रणीतला वाटणार, मी त्याला नालायक ठरवालोय. पाठवलं आणि तिकडं काही झालं तर? रात्री झोप लागत न्हाई मला."

"आप्पाजींना काय वाटतं?"

"त्यांना काय वाटणार? ते कुठंही राहतात."

मला या वाक्याचा संताप आला. पण दुसऱ्याच्या वडिलांवरून किती भांडायचं?

खरं तर आप्पाजींची व्यवस्था त्यांनी इतकी चोख ठेवली होती की कुणी नावं ठेवू नयेत. सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी त्यांची बायको श्वेता चहा आणि रक्तदाबाची गोळी देणार. मग भागुबाई येऊन झाडलोट, स्वयंपाक करणार आणि जेवण देणार. प्रत्येक कामाची आठवण बेनाडीकरांच्या फोनवर वाजायची. दुपारी ते स्वतः फोन लावायचे, तोही स्पीकरवर, त्यामुळे आमच्या अख्ख्या रांगेला तो पाठ झाला होता.

"आप्पाजी, जेवलासा?"

"हं."

"गोळी घेतलासा?"

"हं."

"सरी, ठेवतो."

सरी म्हणजे कन्नडमधलं बरं. फोन खाली ठेवून ते मान हलवायचे. एक काम यादीतून गेलं. आमच्या धंद्यात म्हणतात, फंक्शनला काम सांगितलंत तर ते काय उत्तर घेऊन परत आलं तेही बघा. आळशी लोक बघत नाहीत आणि मग रडतात. बेनाडीकरांच्या सबंध प्रोग्रॅममध्ये न तपासलेलं उत्तर तुम्हाला सापडणार नाही. मी शोधून पाहिलंय, त्यांना टोमणा मारता यावा म्हणून.

मग कंपनीने ठरवलं की जुना प्रोग्रॅम आता माझ्या पद्धतीने नव्याने लिहायचा. सगळ्यांना शिकवायला वेदांत नावाचा नागपूरचा मुलगा आला. हुशार, नम्र, आणि बेनाडीकरांच्या निम्म्या वयाचा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, घरातलं एक उदाहरण घ्या आणि फळ्यावर दोन्ही पद्धतींनी मांडा. कुणी वॉशिंग मशीन घेतलं, कुणी कुत्रा. बेनाडीकर उठले आणि त्यांनी आप्पाजींना घेतलं.

पहिली पद्धत त्यांनी झरझर लिहून काढली. उठवा, कंसात आप्पाजी. चहा द्या, आप्पाजी. गोळी द्या, आप्पाजी. जेवू घाला, आप्पाजी. फोन करा, आप्पाजी. झोपवा, आप्पाजी. सगळ्यात खाली, पुण्याला पाठवा, आप्पाजी. खोलीत हशा पिकला आणि तेही हसले. अक्षर सुंदर, क्रम चोख, एकही पायरी चुकलेली नाही.

"क्या बात है, सर," वेदांत म्हणाला. "आता दुसरी."

बेनाडीकरांनी चौकोन काढला. वर नाव लिहिलं, आप्पाजी. त्याखाली माहिती लिहिली. वय, रक्तदाब, साखर, फोन नंबर. मग आडवी रेघ मारली. रेघेखाली लिहायचं असतं की या ऑब्जेक्टला स्वतःला काय काय करता येतं. तिथे त्यांनी लिहिलं, जेवतात. मग लिहिलं, झोपतात. मग मार्कर फळ्यापासून थोडा दूर घेऊन ते उभे राहिले.

"अजून काय, सर?" वेदांतने विचारलं. "स्वतःहून काय करतात ते?"

मी त्यांच्या पायाकडे बघत होते, सवयीने. तो थांबलेला होता. कुणी न सांगता थांबलेला तो पाय इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिला.

"एक मिनिट," ते म्हणाले, मार्कर तसाच हातात घेऊन बाहेर पडले. मीही मागोमाग गेले. चोंबडेपणा म्हणा हवं तर. कॉरिडॉरमध्ये त्यांनी फोन लावला होता, नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"हं," पलीकडून आप्पाजी.

"आप्पाजी, कुठं आहासा?"

हा प्रश्न कधी विचारलेला नव्हता. पलीकडून आवाज येत होते. बसचा हॉर्न, कुणाचं तरी कन्नडमधलं ओरडणं, आणि सायकलची घंटी. बेनाडीकरांचं घर नवव्या मजल्यावर आहे.

"इथंच," आप्पाजी म्हणाले आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

माझ्या स्कूटरवरून आम्ही त्यांच्या घरी गेलो. घर जवळच, पण सिग्नलला मागून ते इतके चुळबुळत होते की तोल सांभाळताना माझी पुरेवाट झाली. सोफा रिकामा होता. आप्पाजींची खोली रिकामी होती, अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं. स्वयंपाकघरात भागुबाई शांतपणे ओटा पुसत होत्या. बाई अथणीकडच्या, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच ठसक्यात बोलतात.

"आप्पाजी कुठं आहेत?" बेनाडीकरांनी विचारलं.

"शिवाजीनगरला."

"शिवाजीनगरला?" पुण्यातलं नव्हे, बंगळुरातलं, पार शहराच्या मध्यात.

"रोजच जातात की. बस स्टँडच्या मागं ते रघुजीअण्णांचं सायकलचं दुकान न्हाई का, तिथं."

"आणि तुम्ही मला रोज सांगता, जेवण दिलं म्हणून?"

"मग देतेच की. डब्यात भरून देते." भागुबाईंनी फडकं पिळलं. "तुम्ही विचारता जेवण दिलं का, मी म्हणते दिलं. कुठं बसून जेवले, ते कधी विचारलासा?"

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. बाई शब्दाने खोटं बोलल्या नव्हत्या. आप्पाजी तर फक्त हं म्हणाले होते.

टॅक्सी करून निघालो. इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल पटकन संपतो आणि तो उतरला की गाडी हलत नाही, हे बंगळुरात राहणाऱ्याला सांगायला नको. बेनाडीकर काच खाली करायचे, वर करायचे. "ऐंशीच्या घरातला माणूस, दोन बस बदलून, रोज. चक्कर आली असती तर? खाली पडले असते तर? माझ्या फोनवर आठवण वाजत होती आणि ते बसमध्ये उभे होते." हे ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मला आधी आप्पाजींचा राग आला, मग भागुबाईंचा, आणि शेवटी शेजारी बसलेल्या माणसाचा. पण त्यांचा चेहरा बघून तोही टिकला नाही.

"प्रणीतला कळवू काय?"

"काय कळवणार? आधी बघू तर."

फोन त्यांनी खिशात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "स्वल्प वेट माडी सार, होगोणा." म्हणजे जरा थांबा, जाऊ या. थांबणं या माणसाला येत असतं तर आणखी काय हवं होतं?

बस स्टँडमागच्या गल्लीत दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुकान म्हणजे एक शटर आणि फुटपाथवर उलट्या ठेवलेल्या सायकली. आप्पाजी एका लाकडी खोक्यावर बसले होते. सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या, समोर चाक अडकवलेलं. चाक फिरवायचं, कुठे हलतं ते बघायचं, तिथला स्पोक थोडा आवळायचा, समोरचा थोडा ढिला करायचा, पुन्हा फिरवायचं. सायकलवाले याला आऊट काढणं म्हणतात. शेजारी एक पोरगेलं गिऱ्हाईक घाई करत होतं. त्याला ते कन्नडमध्ये सांगत होते की आधी हे, मग ते, मध्ये बोलायचं नाही. मी बेनाडीकरांकडे पाहिलं. त्यांचा प्रोग्रॅम कुठून आला ते मला तेव्हा कळलं.

पुण्याहून वाळून आलेला म्हातारा मला तिथे दिसेना. हात काळे, डोळे चाकावर, आणि तोंडाचा पट्टा चालू.

दुकानमालक रघुजी पुढे आले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, मराठी घरातलीच पण कन्नडच्या वळणाची. "या अण्णा, बसा," ते बेनाडीकरांना म्हणाले. "तुम्ही आप्पाजींचे मुलगे ना? हे तुमचं फार सांगतात. काम जोरात आहे यांचं. मी सांगितलं, आराम करा, तर ऐकतच नाहीत."

"आप्पाजी," बेनाडीकर म्हणाले.

आप्पाजींनी मान वर केली. दचकले नाहीत. "आलास? बस जरा. हे चाक होऊ दे."

"कधीपासून येताय इथं?"

"श्वेताबरोबर भांडी घ्यायला आलो होतो, तेव्हा दुकान बघितलं. मग आलो एकदा. मग येत राहिलो."

"मला सांगायचं तरी." बेनाडीकरांचा आवाज चिरकला. भर रस्त्यात, बसच्या गोंगाटात, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मला वाटलं, घरात बसून असतासा. मी तुम्हाला रोज फोन करत होतो."

आप्पाजींनी चाक फिरवलं, बोट लावून थांबवलं. "सांगितलं असतं तर काय केलं असतंस? प्रणीतला फोन केला असतास. प्रणीतनं तुला केला असता. दोघांनी मिळून ठरवलं असतं, आप्पाजींना झेपत न्हाई. मग श्वेताला सांगितलं असतं, भागुबाईला सांगितलं असतं. मला शेवटी."

हे बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही. आम्ही दोघं या विषयातले जाणकार, एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडत असलेले, आणि फुटपाथवर शाळकरी पोरांसारखे उभे होतो.

बेनाडीकर दुसऱ्या खोक्यावर बसले. पाय हलायला लागला. मग ते म्हणाले, "आप्पाजी, पुण्याला जायचंय काय तुम्हाला?"

एवढंसं वाक्य, पण म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं. आपल्याला खरंच विचारलंय की आणखी कुणाला, याची खात्री करून घेत असावेत.

"जायचंय," ते म्हणाले. "नातवंडं आहेत तिथं. पण दसऱ्याला न्हाई. रघुजीकडं शाळेच्या सायकली आल्यात, त्या आधी संपू देत. मग जातो. किती दिवस राहणार ते तिथं गेल्यावर बघतो. आणि परत इथं यायचं, का निपाणीला जाऊन घर उघडायचं, तेही मीच बघतो."

"निपाणीला? एकटे?"

"बघतो म्हटलं. जातो म्हटलं न्हाई."

मला वाटलं, बेनाडीकर आता म्हणणार, मी आहे की. त्यांचे ओठही हलले. पण ते म्हणाले, "सरी." आणि पुढच्याच क्षणी, जित्याची खोड, त्यांनी खिशातून फोन काढून प्रणीतला लावला. स्पीकरवर.

"प्रणीत, अरे ऐक. आप्पाजी दसऱ्याला येत न्हाईत. त्यांचं म्हणणं असं आहे की..."

"का? काय झालं? तब्येत बरी आहे ना?" पलीकडून प्रणीत. "दादा, तिकीट मी काढलंय. तू आधी बोलायचंस ना माझ्याशी. आपण ठरवलं होतं."

काळ्या हाताने आप्पाजींनी फोन मागितला. बेनाडीकरांनी त्यांच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि दिला.

"मी बोलतोय," आप्पाजी म्हणाले.

"आप्पाजी? बरे आहात ना? बसलाय कुठे, एवढा गोंगाट कसला? थांबा, जरा दादाला द्या बघू."

"न्हाई," आप्पाजी म्हणाले. "दादाला देत न्हाई. माझ्याशी बोल."